सही कोण करणार?

वाघोडिया तालुक्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पिपरियाला सुमनदीप विद्यापीठाचं धीरज रुग्णालय आणि लिमड्याला पारुल विद्यापीठाचं सेवाश्रम रुग्णालय. बडोद्याहून पूर्वेकडे निघालं की हा सगळा पट्टा लागतो: औद्योगिक वसाहतीतले कारखाने, लिमड्याचा अपोलो टायर्सचा प्रकल्प, वसतिगृहं, भाड्याच्या खोल्या, आणि सयाजीराव महाराजांनी बडोद्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आजव्याचं सरोवर. आणखी पूर्वेला जांबुघोड्याकडचा आदिवासी मुलूख सुरू होतो. तिथल्या माणसाला मोठं दुखणं झालं की तो इकडेच येतो.

अशा कुठल्याही रुग्णालयात, वाघोडियात असो की पुण्यात, दाखल होताना समोर येणाऱ्या कागदावर एक रकाना असतो: रुग्णाशी नातं. मुलगा, सून, पुतण्या, जावई, काहीही लिहिता येतं. पण चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेला, दुखण्याखुपण्यात उशाशी बसलेला जोडीदार तिथे काय लिहील? बहुतेक वेळा तो ‘मित्र’ लिहितो आणि बाजूला होतो. मग फोन जातो गावाकडच्या भावाला, ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं नाही. रुग्ण शुद्धीत असेल तर त्याची स्वतःची सही कायद्याला पुरेशी असते. पण शुद्ध हरपली की कागद नातं मागतो.

समलिंगी आणि ट्रान्स ज्येष्ठांचा प्रश्न एवढ्या एका रकान्यात मावत नाही. तरी मी तिथूनच सुरुवात करतो आहे. या ज्येष्ठांसाठी जे थोडेफार लोक स्वयंस्फूर्तीने संस्था चालवतात, त्यांचं बरंचसं काम शेवटी त्या रकान्याशी येऊन थांबतं. कुणीतरी जाऊन उभं राहायचं असतं.

आज पासष्टीत असलेल्या माणसाचा विचार करा. तो १९६० च्या आसपास जन्मला. भारतीय दंड संहितेचं ३७७ वं कलम त्याच्या जन्माआधी शंभर वर्षं कागदावर आलेलं होतं. त्याचं तारुण्य सगळं त्या कलमाखाली गेलं. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला गुन्हेगारीतून मोकळं केलं, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा गुन्हेगार ठरवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर खटल्यात ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. तोवर तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. लग्न झालेलं, मुलं मोठी झालेली, किंवा लग्न टाळता टाळता घरापासून तुटलेला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालेलं स्वातंत्र्य वापरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लपणं मात्र पक्कं अंगवळणी पडलेलं होतं. अशा माणसाला ‘आमच्या बैठकीला या’ असं सांगून तो येत नाही. त्याच्यापर्यंत जावं लागतं, आणि तेही शेजाऱ्यांना शंका येणार नाही अशा बेताने.

या विषयात बडोद्याचं स्थान मोठं आहे, आणि ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही. मैत्री करार हा गुजरातचा जुना प्रकार. स्टॅम्प पेपरवर दोघांनी सोबतीचा करार करायचा. मुळात तो बहुधा विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री यांच्यासाठी वापरला जायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बडोद्यातल्या दोन स्त्रियांनी तोच कागद एकमेकींसाठी केला. त्या काळच्या नोंदींत हे आहे. कुठलीही संस्था पाठीशी नसताना त्यांना जे उमगलं ते थक्क करणारं आहे: नातं लिहून ठेवलं पाहिजे. त्या दोघी आज साठीच्या पुढे असतील.

२००० साली बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट उभा राहिला. त्याचे संस्थापक राजपीपळ्याचे युवराज मानवेंद्रसिंह गोहिल. मार्च २००६ मध्ये ‘दिव्य भास्कर’ला दिलेल्या मुलाखतीतून त्यांनी स्वतःचं समलिंगी असणं जाहीर केलं, तेव्हा राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. घरच्यांनी त्यांना बेदखल केल्याचं जाहीर केलं. युवराजाच्या बाबतीत जे घडलं ते जगाने पाहिलं. पुढच्या वर्षी ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्यांना बोलावणं आलं आणि त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं. पण संस्थेचं रोजचं काम या झगमगाटापासून फार दूर होतं. समलिंगी पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींमध्ये एचआयव्हीची जागृती, तपासणी, समुपदेशन. रात्री बागेत, बसस्थानकाच्या मागे, जिथे लोक भेटतात तिथे जाऊन कंडोम देणं आणि बोलणं.

हे काम एचआयव्हीच्या अंगानेच का उभं राहिलं, हे समजून घेतलं की ज्येष्ठांची आजची अडचण कळते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. पुढच्या टप्प्यांत सरकारने मान्य केलं की ज्या समूहांना जास्त धोका आहे त्यांच्यापर्यंत त्यांचेच लोक पोचू शकतात. मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी यांनी सुरू केलेला हमसफर ट्रस्ट वाकोल्याच्या महापालिकेच्या इमारतीतून काम करू लागला. बडोद्यात लक्ष्य, पुण्यात २००२ पासून बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट. पहिल्यांदाच या समाजाच्या संस्थांना कार्यालय, पगार, फायली, हिशेबनीस मिळाले. त्या पैशाने असंख्य जीव वाचले. पण पैसा लागणीच्या धोक्यामागे चालत होता. साठी ओलांडलेला, एकटा राहणारा, गुडघे धरलेला माणूस कुठल्याच तक्त्यात ‘जास्त धोक्याचा’ नव्हता. तरुणपणी ज्याच्या हाती संस्थेने माहितीपत्रक दिलं, तोच म्हातारा झाल्यावर तिच्याकडे त्याच्यासाठी अंदाजपत्रकात ओळ नव्हती. म्हणून ज्येष्ठांचं काम उरलं ते बिनपगारी लोकांवर. यात कुणा एका संस्थेचा दोष मला दिसत नाही. पैशाच्या वाटा जिथे वळल्या तिथे काम वळलं.

२५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ट्रान्स व्यक्तींसाठीचं राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं, त्याच दिवशी बडोद्यातल्या गरिमा गृहाचं उद्घाटन झालं. ते चालवण्याची जबाबदारी लक्ष्य ट्रस्टवर आली. घराबाहेर काढलेल्या ट्रान्स व्यक्तींना निवारा, जेवण, आरोग्यसेवा आणि हाताला कौशल्य, असा त्याचा हेतू. पंचवीसजणांची सोय. ही फार मोठी गोष्ट आहे. पण घराचा रोख पुढच्या आयुष्याकडे आहे, प्रशिक्षण घेऊन नोकरीला लागण्याकडे. ज्यांचं नोकरीचं वय सरलं आहे त्यांच्यासाठी वेगळा विचार लागतो.

हिजडा समाजात तो विचार शेकडो वर्षांपासून आहे. गुरूने चेल्याला सांभाळायचं, शिकवायचं, आणि गुरू थकला की चेल्याने त्याचं करायचं. जेवण, औषध, शेवटची क्रिया, सगळं. या व्यवस्थेत कडकपणा आहे, देणंघेणं आहे, पिळवणूकही घडते, आणि त्याबद्दल त्या समाजातल्याच व्यक्तींनी लिहिलं-बोललं आहे. तरीही रक्ताच्या नात्याबाहेर म्हातारपणाची हमी देणारी इतकी जुनी रीत आपल्याकडे दुसरी कुठली आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने ट्रान्स व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. पण डेऱ्याबाहेर, म्हणजे गुरू-चेल्यांच्या या घराबाहेर पडलेल्या, किंवा डेऱ्यात कधीच न गेलेल्या ट्रान्स व्यक्तीला म्हातारपणी ना डेरा ना घर. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. निवृत्तिवेतनाचा अर्ज या तीन नावांत अडकतो. ते सोडवायला कुणीतरी सोबत घेऊन तालुका कचेरीत चार फेऱ्या मारायच्या असतात. स्वयंसेवकाचं काम म्हणजे बरंचसं हेच. पिंपरी-चिंचवड महापालिकेने पन्नाशी ओलांडलेल्या तृतीयपंथीयांसाठी मासिक पेन्शनची योजना आणली, हे मला महत्त्वाचं वाटतं. या समाजात म्हातारपण लवकर येतं, हे त्या पन्नास आकड्याने मान्य केलं.

बडोद्यातली दुसरी संस्था विकल्प. इंदिरा पाठक आणि माया शर्मा यांची. विकल्पचं काम शहरातल्या क्लबांपासून फार लांब, बडोदा आणि नर्मदा जिल्ह्यांच्या ग्रामीण आणि आदिवासी भागात, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्यासोबत. माया शर्मा यांचं ‘लव्हिंग विमेन’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं. कष्टकरी, गरीब स्त्रियांच्या जीवनकहाण्या. समलैंगिकता हा श्रीमंत इंग्रजी शिकलेल्यांचा विषय आहे, असं म्हणणाऱ्यांना त्याहून नेमकं उत्तर मी वाचलेलं नाही. २०२२ मध्ये त्यांचं दुसरं पुस्तक आलं, ‘फुटप्रिंट्स ऑफ अ क्विअर हिस्टरी’, गुजरातमधल्या जीवनकहाण्यांचं.

ही पुस्तकं म्हणजे माझ्या लेखी ज्येष्ठांच्या कामाचाच भाग आहेत. एखाद्या गावात दोन स्त्रिया आयुष्यभर एकत्र राहिल्या, शेतात राबल्या, आणि गावाने त्यांना बहिणी म्हणून सोडून दिलं. त्यातली एक गेली की दुसरीचं काय होतं? तिला कुणी विधवा म्हणत नाही. तेराव्याला तिला पाटावर बसवत नाहीत. घर पहिलीच्या नावावर असेल तर पुतणे कुलूप घेऊन येतात. असं दुःख ज्याला गावाच्या भाषेत जागाच नाही, ते ऐकायला कुणीतरी वर्षानुवर्षं त्या गावात येत राहावं लागतं. विकल्पने ते केलं.

माया शर्मा पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेल्या. समलिंगी विवाहाच्या मागणीच्या खटल्यात ऋतुपर्णा बोरा, चयनिका शाह, मीनाक्षी सन्याल आणि माया शर्मा यांची एक याचिका होती. बाकी याचिकांचा भर लग्नावर होता. या याचिकेने लग्नाच्या हक्कासोबत आणखी एक मागणं केलं: आपण निवडलेल्या माणसांना आपलं कुटुंब मानलं जावं. मला हा या सगळ्या खटल्यातला सर्वांत दूरदर्शी मुद्दा वाटतो. सत्तरीच्या माणसाला लग्नाचा हक्क मिळून किती उपयोग? त्याचा जोडीदार कदाचित गेलेला असतो. त्याच्याकडे असतात एक मैत्रीण, जुन्या गटातला एक सोबती, वरच्या मजल्यावरची बाई. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाहाचा हक्क मिळाला नाही. निवडलेल्या कुटुंबाची मागणीही तशीच राहिली.

मानवेंद्रसिंहांनी राजपीपळ्याजवळ समलिंगी ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढण्याची कल्पना पूर्वीच मांडली होती, आणि २०१८ मध्ये नर्मदेकाठच्या हनुमंतेश्वरची आपली जागा घराबाहेर काढलेल्यांसाठी खुली करण्याचं जाहीर केलं. त्यांनी स्वतः बेदखल होणं भोगलं आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. मात्र एका माणसाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या आसऱ्याची गोष्ट फिलिपाइन्समध्ये आधी घडून गेली आहे आणि ती आपण वाचली पाहिजे. मनिलाजवळच्या पासाय शहरात हुस्तो हुस्तो नावाचे स्तंभलेखक आणि नगरसेवक होते. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या घराचं दार वृद्ध समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींना उघडलं. ‘गोल्डन गेज’ म्हणून ते घर प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये हुस्तो वारले, आणि वृद्धांना घर सोडावं लागलं. काहीजण रस्त्यावर आले. ते पांगले, पण संपर्क तोडला नाही. नटूनथटून सौंदर्यस्पर्धांचे कार्यक्रम करत त्यांनी पैसे जमवले आणि काही वर्षांनी भाड्याच्या जागेत पुन्हा एकत्र आले. घर गेलं तरी गट टिकला, कारण म्हातारे स्वतःच तो चालवत होते.

म्हणून वृद्धाश्रमाची इमारत ही सुरुवात असावी, असं मला वाटत नाही. ज्याला घरातून हाकललं आहे त्याला छप्पर आजच हवं, त्यात वाद नाही. पण बहुतेक म्हाताऱ्यांना आपली गल्ली, आपला डॉक्टर, आपला भाजीवाला सोडायचा नसतो. त्यांना हवं असतं माणूस. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली सेज ही संस्था सुरू झाली, तिच्या पहिल्यावहिल्या कामांतलं एक हेच होतं: घराबाहेर पडू न शकणाऱ्या समलिंगी वृद्धांकडे स्वयंसेवक पाठवणं. सेजच्या सहभागाने ब्रुकलिनमध्ये ज्येष्ठांसाठी घरांची इमारत उभी राहिली ती २०१९ मध्ये. मधली चाळीस वर्षं माणसं माणसांकडे जात होती.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं उदाहरण मुंबईचं. २०१७ मध्ये ‘सीनेजर्स’ हा पन्नाशी ओलांडलेल्या समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स पुरुषांचा गट सुरू झाला. कर्करोगतज्ज्ञ डॉ. प्रसाद राज दांडेकर आणि अशोक राव कवी यांच्यासारखी माणसं त्यात पुढे होती. गटाचा आधार साधा: एकत्र भेटणं, सहल, आरोग्यावरची चर्चा, एकमेकांची विचारपूस. त्याहून मोलाचं मला हे दिसतं की तिथे ज्येष्ठ हे लाभार्थी नाहीत. चालवणारे आणि येणारे एकाच वयाचे, एकाच भीतीतून गेलेले. डॉ. दांडेकरांनी क्विअर समाजासाठी काम करणाऱ्या आरोग्यसेवकांचीही संघटना बांधली. रुग्णालयाच्या आत ओळखीचं माणूस असणं काय असतं, हे वाघोडियात एकट्याने खाटेवर पडलेल्या कुणालाही विचारावं.

आता कागदांकडे येतो. स्वयंसेवकाने ते समजून घेतल्याशिवाय भागत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. तरीही ते न केल्यामुळे जोडीदार रस्त्यावर येतात. केवळ बँकेतल्या नामनिर्देशनावर विसंबू नये. नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पैसा येतो, मालकी वारसाची राहते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. किती उशिरा, आणि किती अटींसह. पण त्या पत्राची प्रत स्वयंसेवकाच्या पिशवीत असायलाच हवी. उपचार थांबवण्याबाबतचं इच्छापत्र २०१८ च्या निकालाने मान्य झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली; आता नोटरीसमोर ते करता येतं आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात लिहिता येतात.

सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. कलम १४. कुठल्याही प्रौढ माणसाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. म्हणजे मनाच्या आजारासाठी हा देश आपल्याला माणूस निवडू देतो. मोडलेल्या खुब्यासाठी तशी सोय नाही. ही विसंगती दूर करायला नवी क्रांती लागत नाही, तेच कलम दुसऱ्या कायद्यात लिहावं लागतं. उलट २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा पाहा. तो मुलांकडून, आणि मुलं नसतील तर वारस होऊ शकणाऱ्या नातेवाईकाकडून पोटगी मागू देतो. ज्याला त्याच वारसांनी टाकलं, त्याने त्यांच्याच दारात जायचं. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही, निवडलेलं कुटुंबही असतं. एका उच्च न्यायालयाचं हे म्हणणं रुग्णालयाच्या काउंटरपर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर माणूसच पोचवायला हवा.

आणि इथे नेतृत्वाची खरी कसोटी लागते. या संस्थांचं बहुतेक ज्ञान कागदावर नसतं, एका माणसाच्या फोनमध्ये आणि डोक्यात असतं. कोण कुठे एकटा राहतो, कुणाच्या घरी फोन करायचा नाही, कुणाच्या बायकोला माहीत आहे आणि कुणाच्या नाही, कुठला डॉक्टर तोंड वाकडं करत नाही. हे गुप्त राहिलंच पाहिजे, कारण ते फुटलं तर एखाद्याचं घर उद्ध्वस्त होतं. पण ज्याच्याकडे हे सगळं आहे तो स्वतः साठीचा आहे. त्याला झटका आला तर वीस म्हाताऱ्यांचा दुवा एका रात्रीत तुटतो. संस्थापकाभोवती उभी राहिलेली संस्था त्याच्यासोबतच थकते. हमसफरमध्ये अशोक राव कवींच्या हयातीतच रोजची सूत्रं विवेक राज आनंद यांच्याकडे गेली, हे म्हणूनच लक्षात घेण्यासारखं आहे.

गुजरातमध्येही मूळचा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदाच चालतो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. कायद्याने ती सोय केली आहे, संस्थांनी विश्वस्त बदलायची मनाची तयारी करायला हवी. २०२० च्या परकीय देणगी कायद्यातल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला ती देणगी पुढे देणं बंद केलं. मोठ्या शहरातल्या संस्थेने तालुक्याच्या छोट्या गटाला परदेशी देणगीतून वाटा देण्याचा मार्ग त्यामुळे मिटला. म्हणजे वाघोडियासारख्या ठिकाणी जो गट उभा राहील, तो इथल्याच वर्गणीवर आणि इथल्याच वेळेवर.

तो उभा राहू शकतो. लिमड्याच्या विद्यापीठात देशभरातून आलेले हजारो विद्यार्थी आहेत, त्यांत नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणारे आहेत, आणि ते २०१८ नंतरच्या हवेत वाढले आहेत. बडोद्यात लक्ष्य आणि विकल्प यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव तासाभराच्या अंतरावर आहे. दोन्ही रुग्णालयांच्या समाजसेवा विभागांशी आधीच बोलून ठेवता येईल. महिन्यातून एका संध्याकाळी वकिलाला बोलावून मृत्युपत्रं आणि कलम १४ चे कागद करून घेता येतील. नावांची यादी दोघांकडे, मोहोरबंद, ठेवता येईल. आणि पहिल्याच बैठकीत दोन कार्यवाह निवडावेत, एक साठीच्या पुढचा आणि एक तिशीच्या आतला, आणि दर दोन वर्षांनी दोघांनीही जागा सोडावी.